जोडासाँकोची ठाकूरबाडी: आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो ते प्रश्न

कोलकात्यात राहायला लागल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. कुणी पुण्याचं, कुणी डोंबिवलीचं, आणि प्रत्येकाला "टागोरांचं घर" बघायचंच असतं. मग मी सोबत जाते आणि तेच ते प्रश्न येतात. नंतर परत फोनवर, की अगं ते काय सांगितलंस, नातवाला सांगायचंय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही, पण त्या घरात इतक्या वेळा गेलेय की चपला कुठे काढायच्या तेही पाठ आहे.

हा राजवाडा आहे की घर?

घरच. ही माणसं राजे नव्हती, व्यापारी आणि जमीनदार होती. बंगालीत "बाडी" म्हणजे घर, त्यामुळे ठाकूरबाडी म्हणजे ठाकूरांचं घर, इतकं सरळ आहे. आता ठाकूरचं टागोर कसं झालं, तर ते इंग्रजांच्या जिभेमुळे. यांचं मूळ आडनाव कुशारी. पंचानन कुशारी नावाचे पूर्वज गोविंदपूरला, म्हणजे आज जिथे कोलकाता आहे त्या भागात येऊन राहिले, तिथले कोळी वगैरे लोक ब्राह्मण म्हणून त्यांना "ठाकूरमोशाय" म्हणायचे, जहाजांवरच्या गोऱ्यांना वाटलं हेच आडनाव, आणि तेच चिकटलं. हे घराणं पिराली ब्राह्मणांचं. म्हणजे कधीकाळी मुसलमानांशी आलेल्या संबंधावरून इतर ब्राह्मणांनी त्यांना जरा बाजूलाच ठेवलेलं, सोयरीक जमवायला त्रास. माझं आपलं मत, की जातीनेच अर्धवट बाहेर काढलेलं असल्यामुळे पुढे या लोकांना बाकीची बंधनं तोडायला तितकी भीती वाटली नसावी.

जोडासाँको म्हणजे काय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि दुर्दैवाने तो कुणी विचारत नाही, मीच सांगते. "साँको" म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. कोकणातला साकव आठवा, तोच शब्द, दोन्ही संस्कृत "संक्रम" वरून आलेत. इथे एका नाल्यावर असे दोन पूल शेजारी शेजारी होते म्हणून जोडा-साँको असं सांगतात. आता नाला नाही आणि पूलही नाहीत, आहे ती गर्दी, हातगाड्या आणि टेम्पो. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे आपल्याकडे असतं तर "दुसाकव" नाव पडलं असतं. पडलंही असतं!

कधी बांधलंय हे?

याचं एका सालात उत्तर देता येत नाही, आणि खरं तर या घराची मजाच ती आहे. सुरुवात १७८४ ची. नीलमणी ठाकूर आणि त्यांचे भाऊ दर्पनारायण यांच्यात वाटण्या झाल्या, दर्पनारायण पाथुरियाघाटच्या घरात राहिले आणि नीलमणी कुलदेव लक्ष्मी-जनार्दन घेऊन बाहेर पडले. शेठ घराण्यातल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने त्यांना इथली जागा दिली. पण ब्राह्मणाने दान घ्यायचं कसं, म्हणून ती जागा देवाच्या नावावर घेतली असं सांगतात. भावकीतून उभं राहिलेलं घर आहे हे लक्षात ठेवा, पुढेही या घराचं जे काय झालं ते वाटण्यांमुळेच झालं.

मग नीलमणींचे नातू द्वारकानाथ. त्यांनी १८२३ च्या सुमाराला जुन्या घराला लागून एक वेगळी "बैठकखाना बाडी" बांधली, गोऱ्या पाहुण्यांच्या मेजवान्या तिथे व्हायच्या, कारण सोवळ्याच्या घरात ते चालणार नव्हतं. हे झालं पाच नंबर. जुनं राहतं घर ते सहा नंबर. आणि मग १८९७ च्या सुमाराला रवींद्रनाथांनी आवारातच लाल विटांचं अजून एक घर बांधलं, ती "लाल बाडी", तिलाच पुढे विचित्रा म्हणायला लागले. म्हणजे शंभरेक वर्षं हे घर बांधलंच जात होतं. कोण लग्न होऊन आलं की एक खोली वाढव, कोण भांडलं की एक भिंत घाल. त्यामुळे आत गेल्यावर जिने कुठून कुठे जातात कळत नाही, पायऱ्या मध्येच दोन चढतात आणि एक उतरते, गुडघेवाल्यांनी जपून.

द्वारकानाथ म्हणजे रवींद्रनाथांचे वडील ना?

नाही, आजोबा. वडील देवेंद्रनाथ. द्वारकानाथ (१७९४ ते १८४६) हे पक्के व्यापारी. १८३४ साली कार, टागोर आणि कंपनी काढली, इंग्रज भागीदाराबरोबर बरोबरीच्या नात्याने. कोळशाच्या खाणी, नीळ, रेशीम, बँक, जहाजं, सगळीकडे हात. विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, १८४६ ला लंडनमध्येच वारले आणि कबर तिथेच आहे. बायको दिगंबरी. नवरा साहेबांबरोबर जेवतो खातो हे कळल्यावर तिने शास्त्रीबुवांना विचारून त्याच्याशी संसाराचा संबंध तोडला, सेवा करायची पण स्पर्श नाही. द्वारकानाथांचं राहणं मग बैठकखान्यात. म्हणजे पाच नंबर आणि सहा नंबरच्या मधल्या त्या चार पावलांच्या जागेत एक अख्खं लग्न मोडलं, हे गाईड सांगत नाही.

ते गेल्यावर एक-दोन वर्षांत कंपनी बुडाली. देवेंद्रनाथांनी बापाचं कर्ज स्वतःचं मानून फेडलं.

घराची रचना आपल्या वाड्यासारखी आहे का?

हो आणि नाही. चौक आहे, चौकाभोवती मजले आहेत, बाहेरचं आणि आतलं वेगळं आहे, म्हणजे वाड्यात वाढलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ओळख पटते. त्यांची "देउडी" म्हणजे आपली देवडी. चौकाला "उठान" म्हणतात. पुढचा भाग "सदर" किंवा बाहिरमहाल, पुरुषांचा, हिशोब, पाहुणे, गाणंबजावणं सगळं तिथे. मागचा अंदरमहाल बायकांचा.

फरक कुठे आहे, तर एक म्हणजे सामान. आपल्याकडे खाली काळा दगड, वर सागवानी खांब-तुळया. बंगालमध्ये दगड आणणार कुठून, सगळा गाळाचा प्रदेश, खणलं की चिखल आणि पाणी. म्हणून सगळं विटांचं, चुना आणि सुरखीत बांधलेलं, सुरखी म्हणजे विटांचा भुगा. भिंती हात पसरून मोजाव्यात इतक्या जाड. खांबसुद्धा विटांचेच, वरून गिलावा करून ग्रीक-रोमन घाटाचे केलेले, त्यामुळे लांबून दगडी वाटतात आणि पोपडा उडाला की आतली वीट दिसते. उत्तर कोलकात्याच्या कुठल्याही पडक्या घरासमोर उभं राहा, ही वीट दिसेलच. छत मात्र ओळखीचं निघतं. लाकडी तुळया, त्यावर आडव्या पट्ट्या, त्यावर विटा आणि चुना, याला बंगालीत "कोडी-बोरगा" म्हणतात आणि आपण कडीपाट म्हणतो. माझ्या आतेभावाने वर बघून "अरे हा तर कडीपाट!" असं इतक्या मोठ्याने म्हटलं की खोलीतला शिपाई उठून आला.

दुसरा फरक म्हणजे ठाकूरदालन. आपल्याकडे देवघर म्हणजे माजघराशेजारची अंधारी खोली, घरातल्या माणसांपुरती. इथे चौकाची एक अख्खी बाजू देवाची. उंच जोतं, पायऱ्या, कमानींची रांग, आणि समोरचा चौक म्हणजे प्रेक्षागृह. तीन बाजूंच्या व्हरांड्यांतून सगळं दिसतं. म्हणजे दुर्गापूजा ही घरची पूजा असली तरी ती बघायला, दाखवायला केलेली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्यात ज्याच्याकडे पैसा आला त्याने आधी ठाकूरदालन बांधलं, साहेबाला पूजेला बोलावलं आणि शेजाऱ्याला जळवलं. शोभाबाजारच्या राजबाडीत १७५७ पासून हे चालत आलंय.

ते हिरव्या फळ्यांचे दरवाजे-खिडक्या काय आहेत?

खडखडी. नावातच आवाज आहे. विलायती शटरचा प्रकार, पण बंगालने तो इतका आपलासा केला की त्याच्याशिवाय जुनं कोलकाता डोळ्यापुढे येतच नाही. लाकडी चौकटीत आडव्या तिरक्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्या सगळ्या मधल्या एका उभ्या काठीला जोडलेल्या. काठी खाली ओढली की पट्ट्या उघडतात, वर ढकलली की मिटतात. पूर्ण मिटली तर पाऊस आत येत नाही, अर्धवट ठेवली तर वारा येतो पण ऊन येत नाही, आणि आतलं माणूस बाहेरच्याला दिसत नाही पण बाहेरचं सगळं आतल्याला दिसतं. आता अंदरमहालातल्या बायकांसाठी याचा काय उपयोग होता ते वेगळं सांगायला नको.

पण मी हे सांगते ते उजेडासाठी. दुपारी दोन-अडीचला जा, जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांचा उजेड पडलेला असतो, मग कोणीतरी पलीकडून चालत गेलं की ते पट्टे तुटतात आणि परत जुळतात. हा उजेड लक्षात ठेवा, खाली चित्रांच्या प्रश्नात परत लागणार आहे.

ठाकूरदालनात देव का नाही?

कारण देवेंद्रनाथ (१८१७ ते १९०५) ब्राह्मो झाले, म्हणजे एकाच निराकार देवाला मानणारे. १८४३ साली त्यांनी रीतसर दीक्षा घेतली, मूर्तिपूजा बंद. घरात दुर्गापूजा व्हायची तेव्हा ते सरळ प्रवासाला निघून जायचे. मग भावाच्या, गिरींद्रनाथांच्या विधवा पत्नीने सांगितलं की आम्हाला देव सोडायचा नाही, आणि लक्ष्मी-जनार्दन घेऊन ती मुलांसकट पाच नंबरमध्ये राहायला गेली. ब्राह्मो सहा नंबरमध्ये, देव पाच नंबरमध्ये. चुलत भावंडं मात्र दिवसभर दोन्हीकडे.

रिकाम्या दालनाचं काय झालं? प्रार्थना आणि नाटकं. माघ महिन्यातला ब्राह्मो उत्सव तिथे व्हायचा, त्यासाठी दरवर्षी नवी गाणी रचली जायची. आणि नाटकाला आयतं स्टेज, आयता प्रेक्षागृहासारखा चौक. नाटकाचं वेड एवढं की १८८१ साली एकोणीस वर्षांच्या रवींद्रनाथांनी लिहिलेली वाल्मीकि-प्रतिभा ही गीतनाटिका घरातच बसवली, वाल्मीकी स्वतः रवींद्रनाथ, सरस्वती त्यांची पुतणी प्रतिभा, आणि बघायला बंकिमचंद्र. भल्या घरातली मुलगी चारचौघांसमोर नाटकात, १८८१ मध्ये! आपल्याकडे तेव्हा बालगंधर्वांचा जन्मही व्हायचा होता आणि पुढेही कितीतरी वर्षं बायकांची कामं पुरुषच करत होते.

अर्धं घर कुठे गेलं?

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, की आपण बघतो ते अर्धंच आहे. सहा नंबर उरलंय. पाच नंबर, म्हणजे द्वारकानाथांचा बैठकखाना, कर्जापायी १९४० च्या दशकात विकलं गेलं आणि पाडलं गेलं. १९४१ मध्ये अवनींद्रनाथ ते घर सोडून बरानगरला भाड्याने राहायला गेले तेव्हा ते सत्तरीत होते.

मला विचाराल तर कलेच्या दृष्टीने महत्त्वाचं घर तेच होतं. गिरींद्रनाथांची नातवंडं तिथे राहायची. गगनेंद्रनाथ (१८६७ ते १९३८), समरेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ (१८७१ ते १९५१). त्या घराला दक्षिणेकडे एक लांबच लांब व्हरांडा होता, "दक्षिणेर बारांदा". तिथे हे तीन भाऊ रोज आपापल्या आरामखुर्च्या टाकून बसायचे, एक चित्र काढतोय, दुसरा चित्र काढतोय, तिसरा वाचतोय, हुक्का चालू, येणारे-जाणारे चालू. ऑफिस नाही, स्टुडिओ नाही. आधुनिक भारतीय चित्रकलेचा अर्धा इतिहास एका व्हरांड्यात झाला आणि तो व्हरांडा आपण पाडून टाकला.

तिथे चित्रकलेत असं काय मोठं घडलं?

लांबलचक उत्तर आहे, चहा घेऊन बसा.

अवनींद्रनाथ आधी युरोपियन शिक्षकांकडे तैलचित्रं शिकले. मग मुघल लघुचित्रं पाहिली आणि गाडी वळली. १९०२ च्या सुमाराला त्यांनी मरणाच्या दारातला शाहजहान रंगवला, लांब ताजमहाल, पायाशी मुलगी. दिल्ली दरबारच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. त्यांची लेक प्लेगने नुकतीच गेली होती आणि ते दुःख त्या चित्रात उतरलं असं ते स्वतः सांगायचे. कोलकात्याच्या सरकारी आर्ट स्कूलचे प्रिन्सिपॉल हॅवेल, इंग्रज असून, ग्रीक पुतळ्यांच्या नकला बंद करा, आपलं बघा असं म्हणणारे, त्यांनी अवनींद्रनाथांना व्हाइस-प्रिन्सिपॉल केलं.

मग जपान. तिथले कलेचे जाणकार ओकाकुरा १९०२ मध्ये कोलकात्यात आले, आणि १९०३ मध्ये त्यांच्या पाठोपाठ ताइकान आणि शुनसो हे दोन जपानी चित्रकार. ताइकान ओल्या कागदावर रंग कसा फिरवतो हे बघून अवनींद्रनाथांनी एक पाऊल पुढे टाकलं, अख्खं चित्रच पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, परत रंगवायचं, परत बुडवायचं. त्यातून तो धूसर, संध्याकाळसारखा रंग आला. याला वॉश म्हणतात. १९०५ ची भारतमाता अशीच, चार हातांची, भगव्या वस्त्रातली, हातात शस्त्र नाही तर पोथी, धान्य, कापड आणि माळ. वंगभंगाचं साल ते. त्याच ऑक्टोबरात रवींद्रनाथ याच घरातून चालत निघाले, रस्त्यात दिसेल त्याला राखी बांधत, चितपूरच्या मशिदीतही जाऊन मौलवींना राखी बांधून आले.

गगनेंद्रनाथ मात्र वेगळंच प्रकरण आणि माझे लाडके. कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये शिकलेले नाहीत. १९१७ च्या आसपास त्यांनी व्यंगचित्रं काढली, साहेबी कोटातले बाबू, पोट सुटलेले भटजी, कोणाला सोडलं नाही. रवींद्रनाथांच्या आठवणींच्या पुस्तकासाठी (१९१२) त्यांनी याच घराची काळ्या शाईतली चित्रं काढली. आणि १९२० नंतर काय झालं कोण जाणे, क्युबिझम, म्हणजे वस्तूचे भौमितिक तुकडे करून रंगवणं! डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्यात जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेवाल्यांचं प्रदर्शन लागलं, क्ले आणि कँडिन्स्कीची चित्रं त्यात होती, आणि गगनेंद्रनाथांचीही त्याच प्रदर्शनात. पण पॅरिसचा क्युबिझम म्हणजे टेबलावरची बाटली फोडून दाखवणं, आणि यांच्या चित्रात काय दिसतं, तर जिने, कमानी, अर्धवट उघडी दारं, कुठून तरी तिरका येणारा उजेड, आणि एखादी बाई त्या उजेडात अर्धी हरवलेली. समीक्षक काय काय म्हणतात, म्हणू देत. मला तर सरळ दिसतं की हे खडखडीतून दुपारी जमिनीवर पडणारे पट्टे आहेत. त्या घरात ज्याचं लहानपण गेलं त्याला क्युबिझम शिकायला युरोपला जायची गरजच नव्हती, गेलेही नाहीत ते.

बहीण सुनयनीदेवी (१८७५ ते १९६२), लग्नानंतर तिशीत रंग हातात घेतले. भावांचं बघून बघून शिकलेल्या. लोककलेतल्या बाहुल्यांसारखे मोठ्या डोळ्यांचे चेहरे. अशाच चेहऱ्यांसाठी गाजलेले चित्रकार जामिनी राय नंतरचे, हे जाता जाता सांगून ठेवते.

आणि विचित्रा. १९१५ साली लाल बाडीत रवींद्रनाथांनी हे मंडळ सुरू केलं, नंदलाल बोस, असितकुमार हालदार, मुकुल डे ही तरुण मंडळी तिथे असायची, जपानहून आराई काम्पो येऊन शिकवून गेले. फार वर्षं चाललं नाही, पण त्यातलीच माणसं पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात गेली.

मग ती चित्रं तिथेच बघायला मिळतात का?

इथे थोडी निराशा होते, आधीच सांगते. काही चित्रं घरातल्या म्युझियममध्ये आहेत, रवींद्रनाथांची स्वतःचीही आहेत (साठी उलटल्यावर रंगवायला लागले, पहिलं प्रदर्शन १९३० ला पॅरिसमध्ये). पण गगनेंद्र-अवनींद्रांची मोठी ठेव व्हिक्टोरिया मेमोरियलकडे गेलेली आहे. म्हणून ज्यांना चित्रांत रस आहे त्यांनी दोन्ही करा, सकाळी जोडासाँको, दुपारी व्हिक्टोरिया. उलट क्रमाने नको. आधी घर, मग चित्रं, तरच मजा येते.

अवनींद्रनाथांनी १९३० मध्ये अरेबियन नाइट्सची मालिका रंगवली, ती कुठे छापलेली मिळाली तर जरूर बघा. नाव बगदादचं, पण गल्ल्या चितपूरच्या आहेत. एका चित्रात तर चक्क पणजोबांच्या, म्हणजे द्वारकानाथांच्या, बुडालेल्या कंपनीची पाटी लावलीय घरावर. म्हातारपणी तर ते वाळक्या फांद्या, काटक्या, बिया गोळा करून त्यातून पक्षी-प्राणी बनवत बसायचे, त्याला "कुटुम-काटाम" म्हणायचे.

रवींद्रनाथ जन्मले ती खोली कुठली? आणि वारले ती?

दोन्ही इथेच. जन्म ७ मे १८६१, देवेंद्रनाथांचं चौदावं अपत्य. बाळंतिणीची खोली अगदी साधी, लोक बघतात आणि "एवढीच?" म्हणतात. हो, एवढीच.

शेवटचं दुखणं १९४१ चं. जुलैच्या अखेरीला त्यांना शांतिनिकेतनहून इथे आणलं. हॉस्पिटलमध्ये न्यायचं नाही ठरलं, म्हणून घराच्या व्हरांड्यातच ऑपरेशनची सोय केली आणि ३० जुलैला तिथे शस्त्रक्रिया झाली, फक्त तेवढा भाग बधिर करून. त्या सकाळी त्यांनी शेवटची कविता सांगितली आणि दुसऱ्याने लिहून घेतली. ७ ऑगस्टला दुपारी गेले. गर्दी अशी लोटली की अंत्ययात्रेत मुलगा रथींद्रनाथ चितेपर्यंत पोहोचूच शकला नाही. मी प्रत्येक वेळी त्या व्हरांड्यात जरा थांबते. बाकीच्या खोल्यांत फोटो आणि पाट्या आहेत, इथे नुसती जागा आहे.

आणि बायका? सगळी पुरुषांचीच गोष्ट सांगतेस.

हे आमच्या मावशींनी विचारलं आणि बरोबर विचारलं. मृणालिनीदेवी, रवींद्रनाथांच्या पत्नी, १९०२ मध्ये याच आवारात, लाल बाडीत गेल्या. कादंबरीदेवी ही रवींद्रनाथांचे थोरले भाऊ ज्योतिरिंद्रनाथ यांची बायको, लहानपणी सून होऊन आलेली, रवींद्रनाथांपेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठी. तिने तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कुंड्यांची बाग केली होती, नंदनकानन म्हणायचे, संध्याकाळी तिथे गाणी आणि वाचन. १८८४ मध्ये तिने आत्महत्या केली. त्यावर लोकांनी इतकी चविष्ट पुस्तकं पाडलीत की मला त्यात भर घालायची नाही.

ज्ञानदानंदिनी मात्र आपल्या ओळखीची निघेल. रवींद्रनाथांचे आणखी एक थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, त्यांची पत्नी. नवऱ्याची नोकरी मुंबई इलाख्यात, म्हणून १८६४ मध्ये ती घराबाहेर पडली. सासऱ्यांनी देवडीतून चालत गाडीपर्यंत जाऊ दिलं नाही, थेट जहाजापर्यंत पालखीतून. मुंबईत तिने पारशी बायकांची साडी नेसायची पद्धत पाहिली, ब्लाउज-परकर घालून, निऱ्या काढून, पदर खांद्यावर. ती थोडी बदलून तिने बंगालमध्ये नेली. तोपर्यंत बंगाली बायका साडी नुसती गुंडाळायच्या, आत काही नाही, त्यात घराबाहेर पडणार कशा? बंगालमध्ये या नेसण्याला "बोंबाई दस्तूर" म्हणायचे. आज भारतभर जी साडी नेसतात त्यात या सुनेचा मोठा वाटा आहे.

मराठीशी अजून काही नातं?

बरंच. हे सत्येंद्रनाथ (१८४२ ते १९२३) आयसीएस झालेले पहिले भारतीय, आणि सगळी नोकरी आपल्या बाजूला, अहमदाबाद, सोलापूर, कारवार, शेवटी साताऱ्याला जज्ज. १८९७ मध्ये तिथूनच निवृत्त. मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. धाकट्या भावावर त्याचा परिणाम झाल्याशिवाय राहिला नसेल. रवींद्रनाथही भावाकडे येऊन राहायचे, कारवारला एक नाटक लिहिलं, सोलापूरला एक लिहिलं. सोलापूरकर पाहुण्यांना मी हे मुद्दाम सांगते आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

१८७८ मध्ये विलायतेला जायच्या आधी इंग्रजी वळण लागावं म्हणून सतरा वर्षांच्या रवीला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांकडे ठेवलं होतं, प्रार्थना समाजाचे संस्थापक ते. त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेहून आलेली, तिने त्याला शिकवायचं. त्याने तिला "नलिनी" हे नाव दिलं. पुढचं तुम्ही कल्पनेने भरा, सगळे तेच करतात.

बारगीर-बिरगीरचं काय? मराठी म्हटल्यावर तिथले लोक चिडतात का?

नाही हो, हसतात. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४१ ते १७५१ बंगालवर स्वाऱ्या केल्या, त्या "बोर्गी", आपला बारगीर शब्द. बाळाला झोपवायच्या बंगाली गाण्यात बोर्गी येतात, जसा आपल्याकडे बागुलबुवा. कोलकात्याने त्यांच्या भीतीने १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला, पण बोर्गी शहरात आलेच नाहीत. ठाकूरबाडीचा याच्याशी संबंध नाही, ते घर नंतरचं. गंमत म्हणजे १९०४ मध्ये रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली, सखाराम गणेश देउस्करांच्या पुस्तकासाठी, आणि हे देउस्कर बंगालीत लिहिणारे मराठी गृहस्थ!

जायचं कसं, किती वेळ लागतो, फोटो काढू देतात का?

मेट्रोने गिरीश पार्कला उतरा, तिथून चालत. टॅक्सी घेऊ नका, चितपूर रोडवर (आता रवींद्र सरणी) अडकलात की बसा. शिवाय चालताना वाद्यांची दुकानं, जात्रा (म्हणजे बंगाली लोकनाट्य) कंपन्यांच्या कचेऱ्या, बँडवाले सगळं दिसतं. द्वारकानाथ टागोर लेन लहान आहे, चुकते, कुणालाही "ठाकूरबाडी" विचारा, "टागोर हाऊस" विचारू नका. आवारात १९६२ पासून रवींद्र भारती विद्यापीठ आहे, त्यामुळे गिटार घेऊन फिरणारी पोरं दिसली तर दचकू नका. दोन तास धरा. आतल्या खोल्यांत फोटो काढू देत नाहीत, चौकात काढा. चपला बाहेर. सोमवारी बंद.

जवळपास अजून काही?

मार्बल पॅलेस, मुक्ताराम बाबू स्ट्रीटवर, चालत जाण्यासारखा. १८३५ मध्ये राजेंद्र मल्लिकांनी बांधलेला, संगमरवर, आरसे, झुंबरं, युरोपियन पुतळे, सगळं खच्चून भरलेलं. ठाकूरबाडी बघून लगेच तिथे गेलात तर एकाच काळातले दोन श्रीमंत पैशाचं काय काय करतात ते कळतं. तिथे जायला आधी परवानगीची चिठ्ठी लागते, पर्यटन खात्याकडून.

आमच्याकडे अर्धाच तास आहे, काय बघू?

म्युझियमच्या पाट्या वाचत बसू नका. सरळ चौकात जा, ठाकूरदालनाच्या पायऱ्यांसमोर उभं राहून वर तिन्ही बाजूंचे व्हरांडे बघा. मग वर जाऊन तो ऑपरेशनचा व्हरांडा. येताना एखादी खडखडी अर्धी उघडी असेल तर जमिनीकडे बघा. आणि परत सांगते, सोमवारी जाऊ नका, आमचे तीन पाहुणे गेलेत.